दरपत्रकाखाली

खानापुरात, तहसील कचेरीसमोर, माझं झेरॉक्सचं दुकान.
पाटीवर कन्नड मोठं, मराठी बारीक.
त्यावरून दोनदा भांडण झालंय, मी नव्हते त्यात.
एक पान दोन रुपये, पाठपोट तीन,
मराठी अर्ज कन्नडात करून द्यायचे चाळीस.

तो पोरगा तीन दिवस आला.
पहिल्या दिवशी आधार कार्डाची झेरॉक्स.
दुसऱ्या दिवशी, परत आधार कार्डाचीच.
तिसऱ्या दिवशी कोरा कागद पुढं केला,
म्हणाला, अक्का, ह्याची एक.

काढून दिली. कोऱ्याची कोरी.
पैसे घेतले नाहीत.
कुठला रे तू?
गर्लगुंजीचा. प्रज्योत.
मी शटर अर्धं ओढलं
आणि मशीन चालूच ठेवलं,
त्याला बोलायला थोडा आवाज हवा होता भोवती.

मराठीत सुरू झाला, मध्येच हिंदीत गेला,
ज्या भाषेत ती मुलगी व्हिडिओ कॉलवर हसली होती
आणि ज्या भाषेत मग एक पुरुष बोलला.
आकडा तेवढा इंग्रजीत. एट थाउजंड.
निम्मे दिलेत, आईच्या भिशीतले.
बाकीचे आज रात्री दहापर्यंत,
नाहीतर फोटो क्लासच्या ग्रुपवर, मामाला, सगळ्यांना.
फोटोत तोंड माझं हाय अक्का,
बाकीचं माझं न्हाई.
मग म्हणाला, फोन विहिरीत टाकतो.
आणि जरा थांबून, नुसता फोनच न्हाई.

मी काय शिकलेली?
डिग्री अर्धी, टायपिंग दोन भाषांतलं.
पण भिंतीवर कुणीतरी एक पोस्टर लावून गेलं होतं मागं,
आठवत होतं निळसर काहीतरी.
शोधलं.
माझ्याच दरपत्रकाखाली होतं.
मीच चिकटवलं होतं त्यावर, चारी कोपरे, पक्कं.
नखानं खरवडलं तेव्हा 'पाठपोट तीन' फाटलं
आणि खालून आकडे निघाले:
एक नऊ तीन शून्य.
त्याच्या खाली, अठराच्या आतल्या पोरांसाठी,
एक शून्य नऊ आठ.

लावला फोन. पलीकडून आधी कन्नड आलं.
मी बोलले, तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला,
डॉक्टर रिपोर्ट वाचताना बघतात तसा.
पैसे कधी गेले, किती वाजता, कुठल्या खात्यात.
आणखी एक रुपया द्यायचा नाही.
काही पुसायचं नाही.
पुसायचंच तर त्याला होतं सगळं!
मी म्हटलं, आण, प्रिंट काढते:
त्याचा नंबर, त्याच्या शिव्या, ती वेळ.
कागद झाला की गोष्ट सरकारी होते,
आणि सरकारी गोष्टीला कोण लाजतंय?

मग अर्ज.
विषय, कन्नडातही विषयच.
भय, तिकडंही भय, एक अक्षर बदलायला लागलं नाही.
लाजेला नाचिके म्हणतात.
तो शब्द टाइप केला नाही.
अर्जाला त्याची गरज नव्हती.

ठाण्यात महादेवी हुक्केरी होत्या,
डबा अर्धा खाऊन झालेला, जोंधळ्याची भाकरी.
अर्ज वाचला, प्रिंटा उलट्या घातल्या टेबलावर,
फोटोचं पान न बघताच.
म्हणाल्या, हेदरबेड तम्मा. निंदेनु तप्पिल्ल.
मी भाषांतर करायला तोंड उघडलं,
तर प्रज्योत म्हणाला, कळलं मला.
आणि तिथं रडला, अर्ध्या डब्यासमोर.
बाईंनी भाकरीचा तुकडा पुढं केला.

पैसे आले का विचारू नका. अजून नाही.
आईला त्यानं सांगितलं की मी सांगावं,
हेही ठरायचं आहे.
त्या रात्री दहाला मी घड्याळाखाली बसले होते.
दहा वाजून वीस मिनिटांनी मेसेज आला:
झोपलो न्हाई, पण जेवलोय.

दरपत्रक परत लावलं नाही.
गिऱ्हाईक कुरकुरतं, दर कुठं लिहिलाय म्हणून.
तोंडी सांगते.
काही पोरं मात्र काहीच विचारत नाहीत,
झेरॉक्स निघेपर्यंत भिंतीकडं बघतात,
ओठ हलवून चार आकडे पाठ करतात
आणि सुटे पैसे न घेताच जातात.