दीडशे फूट वायर

पडदा म्हणजे सालूबाय फर्नांडिसची डबल बेडची चादर,
एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग.
लिलावशेडच्या खांबांना नायलॉनने आवळलेली,
गाठ तीच, जाळ्याची.
वीज बर्फाच्या कारखान्यातून ओढली.
वायर दीडशे फूट. कुणाचा पाय अडकू नये
म्हणून मी राखत बसलो.

त्यामुळे मला सिनेमा तिरका दिसला.
तिरकी जेटी, तिरके आम्ही,
पर्ससीनवाल्यांविरुद्ध मांडी घालून बसलेले,
दोन वर्षांनी तरुण.
मग लाठ्या.
आचऱ्याहून आणलेला स्पीकर फाटका, आवाज पुरता येईना,
तरी माणसं चटईवर मागे सरकली
त्या दिवशी सरकली होती तशी,
पाण्यापर्यंत.

पडद्यावर बाबल खवणेकर सांगत होता,
डावा कान गेला.
आता खडपावर बसतो तेव्हा
उजवा कान दर्याकडे करून बसतो.
आणि बाबल माझ्यापुढेच,
स्वतःचं बोलणं ऐकायला
मान वळवून.

तेवढ्यात कारखान्याने कंप्रेसर सुरू केला.
लाईट गेली.

सिनेमा करणारी पोरगी चाचपडत म्हणाली, दोन मिनिटं हां.
दोन मिनिटं कुणीच बोललं नाही.
मग अंधारात कोणीतरी: मी तेव्हा पळालो.
हसलं नाही कुणी.
दुसरं कोणी: ठाण्यात कोऱ्या कागदावर सही घेतली माझी.
काय लिहिलं त्यावर, अजून माहीत नाही.
आवाज सगळे ओळखीचे.
ओळखायचे नाहीत, हे न बोलता ठरलं.

मग एक बाई.
"तो पाठमोरो असा ना, काठी उगारलेलो,
तो माझो झील.
ती पाठ मी न्हाणयलेली.
घराक येता, जेवता, बोलना नाय.
तुम्ही इचारा त्येका.
मी इचारून दमलंय."

खुर्ची घसरली. बाबल उठला होता.
मी वायर दोन्ही हातांनी जमिनीशी दाबून धरली.
तो आवाजाच्या रोखाने गेला, माणसांच्या गुडघ्यांना धडकत,
आणि तिच्याजवळ वाकला असावा, कारण
आवाज खालून आला:
"काय म्हटलंस? ह्या कानात सांग."

तिने काय सांगितलं, आम्हाला ऐकू आलं नाही.

लाईट आली तेव्हा सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.
चादरीवर आमचीच डोकी, मोठी, एकमेकांकडे वळलेली.
पोरीने मशीन बंद केलं.
गेटवर जीप उभी होती, दिवे मालवून,
कधीची, देव जाणे.

पहाटे चारला त्याच शेडमध्ये बांगड्याचा लिलाव.
वायर मी अजून गुंडाळलेली नाही.
उद्या परत लागेल, असं कोणीतरी म्हणालं होतं.
अंधारात. कोण ते दिसलं नाही.