आवक-जावक

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ते येतं.
सेलूच्या जिनिंगवर तेव्हा मी असतो,
दोन कुत्री, सरकीचा ढीग
आणि गेटावरची ट्यूब, मनात आलं तर लागणारी.
आधी दिवा दिसतो, आवाज मागून येतो.
थोरल्या मेव्हण्याच्या लग्नात वाजंत्री अशीच मागं राहिली होती.

भाची सुट्टीत आली, फोनमध्ये काहीतरी टाकून गेली.
फोन वर धरायचा, विमानाचं गाव कळतं.
मस्कत ते बँकॉक.
साडेचार हजार किलोमीटर, साडेपाच तास,
वारं असेल तसं थोडं इकडं-तिकडं.
दोनदा वाचलं.
जिंतूरची बस आज येणार का नाही,
एवढंही आमच्या स्टँडवर कोणी सांगत नाही.

गेटावर वही असते.
गाडी नंबर, कुठून, कुठं, माल, आवक, जावक, सही.
कापूस संपला की पानं कोरी राहतात,
कोरं पान बघून मालकाला चौकीदार जास्त वाटतो.
म्हणून एका रात्री लिहिलं:
मस्कतहून. बँकॉककडं. दोन दहा.
मालापाशी पेन अडला.
मग लिहिलं, माणसं. झोपलेली.

आमच्यावरून ते मानवतच्या अंगाला सरकतं.
मानवतला सटवा राहतो, माझा धाकटा.
सरळ रेषेत अठरा किलोमीटर,
विमानाला सव्वा मिनिट.
मला अकरा वर्षं झाली, अजून निघालो नाही.
आईच्या तेराव्याला
आधी कोणाच्या सोयऱ्याला वाढलं, एवढ्यावरून.
भजी होती. गार झाली होती.

सटवाला झोप लहानपणापासून कमी.
माळवदावर मी तारे मोजायचो,
तो मधेच भलता आकडा बोलून मला चुकवायचा.
जागा असेल तर तेच लाल लुकलुकणं
सव्वा मिनिटानं त्याच्यावरून जात असेल.
मी मोजतो, एक ते पंच्याहत्तर.
पंच्याहत्तरला म्हणतो, पोचलं.

महिनाअखेर बियाणी मुनीम वही घेऊन बसले.
चष्मा कपाळावर, बोट ओळीवर.
“लिंबाजी, ही मस्कतची गाडी कोणाची? काटा केला का?”
म्हणलं, “उतरली नाही साहेब. वरच्यावर गेली.”
बराच वेळ पानाकडं बघत राहिले.
त्यांचा पोरगा कुठं असतो ते जिनिंगवर कोणी विचारत नाही.
“बँकॉकला किती वाजता लागती?”
“आपल्या साडेपाचला. तिथं सात वाजलेले असतात.”
लाल पेन काढला. वाटलं, आता खोडतात.
जावकच्या रकान्यात साडेपाच लिहिले
अन् खाली सही केली.

आज ढग आहेत. दिसलं नाही, नुसता आवाज.
तरी मोजायला लागलो.
साठ-पासष्टला आकडा चुकला,
कोणी बोललं नव्हतं तरी.

वहीत खालची ओळ भरली:
सेलूहून. मानवतकडं. पहिली बस.
माल कोरा ठेवला.
सही अजून केली नाही.