मानस

मानस म्हणजे इथे मन नव्हे.
खाजनाच्या बांधातला दरवाजा, माट्टीच्या लाकडाचा,
भरती आली की आपसूक मिटणारा
आणि ओहोटीला उघडणारा,
दिवसातून दोनदा.
चवथीला सुट्टी नाही, नाताळाला नाही.

माझं काम कागदाचं.
सांत इस्तेव्हच्या कोमुनिदादीत, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली
वाळवीनं सोडलेल्या वह्या नव्यानं उतरवून काढायच्या.
पोर्तुगीज माझं मोडकं,
पण 'बांध' आणि 'फुटला'
हे दोन शब्द तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांसारखे ओळखू यायला लागले.

कायतान नावाच्या कारकुनानं वळणदार अक्षरात लिहिलंय:
कोरगुटाचं सगळं पीक खारं झालं. असं आजवर कधी घडलं नव्हतं.
पुढच्या वहीत दुसरा हात, फिकी शाई:
असं आजवर कधी घडलं नव्हतं.
त्यानंतरच्या वहीत, आता मराठीत, शाईच्या डागासकट:
असे पूर्वी कधी झालेले नाही.

मी वर्षं एकाखाली एक मांडून वजाबाकी केली.
अठरा. एकोणीस. अठरा. परत एकोणीस.
चहावर साय धरली.

गुणो मानसेकराला विचारायला गेले तेव्हा
तो जाळ्यातून शेवटे सोडवत होता.
आकडा त्याला माहीत नव्हता.
बापाचं लग्न झालं त्या वर्षी एकदा,
गुणोला मिसरूड फुटलं तेव्हा एकदा,
थोरली बाळंतपणाला आली तेव्हा.
जांभ्या दगडावरच्या खाचा त्यानं अंगठ्यानं दाखवल्या, शेवाळ खरवडून.
"चंद्राची चाल असता बाये, उदक त्याच्या फाटल्यान."
मग कुणाला सांगितलं का नाही?
"विचारता कोण?"

वह्यांत पुढचंही सगळं आहे.
चौकशी. चूक कुणाची, यावर तीन बैठका.
ठेकेदार बदलला. नव्या अध्यक्षांना हार.
दोन-तीन वर्षं सगळे बांधावर फिरून येतात संध्याकाळी,
मग खेकडे भोकं पाडायला लागतात
आणि ज्यांनी पाणी घरात पाहिलं होतं
ते बोटीवर जातात, कुवेतला जातात, सिमितेरीत जातात.
अठरा वर्षं म्हणजे काय,
एक मूल वाढून गाव सोडून जातं तेवढा काळ.
विसरायला गावाला नेमका तेवढाच लागतो.

हे लिहून घेतलं त्याच आठवड्यात
आमच्या साल्वियानं लिस्बनचं तिकीट टेबलावर ठेवलं
आणि मी दारात उभी राहून जे बोलले
त्यातला एक शब्दही माझा नव्हता.
आईचा होता. पपाच्या पेटाऱ्यासमोरचा,
"जा, पण परत येऊन मला दोष देऊ नकोस",
त्याच चौकटीला हात टेकून.
मला वाटत होतं, माझं दुःख कोरं आहे.

रात्री तिच्या खोलीत गेले.
आईला जे जमलं नव्हतं ते केलं:
खाली बसून कपड्यांच्या घड्या घातल्या.
रडू आलंच. ओळखलं म्हणून पाणी थांबत नाही.
चिखल तेवढा आधी आणून ठेवता येतो.

भाद्रपदाच्या अमावास्येला आम्ही सात जण होतो बांधावर.
सभेत पंधरा जणांनी हात वर केले होते.
पेंढा, बांबू, टोपल्या,
गुणोच्या नातवाच्या मोबाइलचा उजेड.
पाणी चढलं. खाचेला लागलं. खाचेच्या वर गेलं.
कोंड्याच्या झाडाजवळ झिरपायला लागलं तसा
गुणो काही न बोलता त्या भोकात पाय रोवून उभा राहिला
आणि आम्ही त्याच्या गुडघ्याभोवती माती रचत गेलो,
पहाटेपर्यंत.

सोमवारी नवी वही उघडली.
तारीख घातली. खर्च: पेंढ्या चाळीस, चहा, एक हरवलेली चप्पल.
शेरा: असे पूर्वी झालेले आहे. मागील वह्या पाहाव्यात.
आणि समासात, पेन्सिलीनं,
पुढचं साल.

मी तेव्हा सत्तरीची असेन.
साल्विया
आज माझं वय आहे त्याच्या जवळपास.