कपाट सोडून

मॅन्सी फ्लेटचं घर विकायला निघालं तेव्हा
कागदावर होतं:
दोन खोल्या, एक माळा, ओल जुनी,
बोली एक लाख पासष्ट हजार पौंडांच्या वर,
शुक्रवारी दुपारी बाराच्या आत, बंद पाकिटात.
वर म्हणजे किती वर,
हे स्ट्रॉमनेसमध्ये कोणी कोणाला सांगत नाही.
एरवी कुणाच्या चुलीवर कुठला मासा शिजतोय
तेही धक्क्यापर्यंत येतं.

आमचं हे सहावं पाकीट.

मी बोटीवर चढणाऱ्या गाड्या रांगेत लावते,
पिवळं जाकीट, हातात दिवा.
घर बघायला आलेले मला उतरतानाच कळतात.
ते समुद्राकडे नाही, छपरांकडे बघतात
आणि विचारतात, हिवाळ्यात वारा फार असतो का.
मी म्हणते, फार.
एर्लेंड म्हणतो, आणखी वाढवून सांगत जा.

मॅन्सीने घर दाखवलं ते असं:
नळ डावीकडे फिरवायचा.
तिसऱ्या पायरीवर भार द्यायचा नाही.
मग आम्हा दोघांना बूट काढून
त्याच्या पलंगावर बसवलं
आणि म्हणाला, आता समोर बघा.

खिडकी आमच्या पाठीशी.
समोर कपाट, कपाटाला आरसा,
आरशात संध्याकाळची बोट
हॉय बेटाला वळसा घालून येत होती.

'मी तिच्या इंजिनात असायचो.
ही पडल्या पडल्या बघायची,
बोट दिसली की उठून बटाटे टाकायची.'
मग जरा थांबून,
'कपाट विक्रीत नाही हां.
कागदात लिहायचं राहिलं.'

परतताना आम्ही भांडलो,
पलंग कुठल्या भिंतीला लावायचा यावरून.
तुरी अजून बाजारातच होत्या.

वकीलबाई मिस इझ्बिस्टर म्हणाल्या,
गोल आकडा नको, गोल आकडा सगळेच लिहितात.
एक लाख ब्याण्णव हजार, आम्ही आधीच ठरवलेले,
श्वास रोखून.
त्यावर एर्लेंडने सातशे घातले, मी बारा.
बारा कसले? बाईंनी विचारलं.
पगारापर्यंत दुसऱ्या पाकिटात उरलेले, मी म्हटलं.

शुक्रवारी बाराला मी एक मेंढ्यांचा ट्रक मागे घेत होते.
ये, ये, ये, थांब.
साडेबाराला फोन.
नऊ पाकिटं आली. आमचं दुसरं.

पहिलं किती पुढे होतं ते सांगत नाहीत.
हरणाऱ्याला कळत नाही किती कमी पडलं,
जिंकणाऱ्याला कळत नाही किती जास्त गेलं.
एडिंबराच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात
त्या दुपारी कोणीतरी आनंदाने घाबरलं असेल.
मला त्यांचा राग यायला हवा होता.
तो संध्याकाळी आला, भांडी घासताना,
आणि एक कप फुटला.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही घर पाहावं,
आणि पाहावं.

ऑगस्टमध्ये मॅन्सी मुलीकडे राहायला गेला.
सामान अंगणात मांडलं होतं,
खुर्च्या, बरण्या, तीन होकायंत्रं.
कपाटाला कोणी हात लावेना.
चाळीस, मी ओरडले,
उघड्यावर, सगळ्या गावासमोर, हात वर करून.
कोणी एकेचाळीस म्हणालं नाही.
मॅन्सी गाडीत बसला होता.
त्याने काच खाली केली, परत वर केली.

आमच्या भाड्याच्या घराच्या जिन्यात ते अडकलं.
वर जाईना, खाली येईना,
वरच्या मजल्यावरची म्हातारी रात्री दहापर्यंत घरात कोंडलेली.
सध्या ते एर्लेंडच्या भावाच्या शेडमध्ये आहे,
खेकड्यांचे पिंजरे आणि एक मेलेलं इंजिन यांच्यामध्ये.
दार उघडं राहिलं की आरशात
शेजाऱ्याची मेंढी दिसते.

एर्लेंडने त्याची मापं घेतली,
उंची, रुंदी, तिरपं धरलं तर किती,
आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली.
आता नवं घर बघायला गेलो
की आम्ही छप्पर बघत नाही, ओल बघत नाही.
आधी जिना मोजतो.