अंगठ्याएवढी जागा

संहितेत तीनच शब्द आहेत, पान अकरा:
'ती एकटी होती.'
बाकीचं मी काढायचं.

ताल्लिनहून एंडेलचा फोन येतो.
विर्वे, बाई बारीक कर, बर्फ वाढव.
सगळे तसंच करतात. मीही केलंय
बावीस वर्षं, सतरा पुस्तकांत:
मुंगीएवढा माणूस, भोवती कोरा कागद,
आणि कोऱ्या कागदाचेही पैसे मिळतात म्हणून
मनातल्या मनात थोडं हसू.

पण आई शेवटची नऊ वर्षं स्वयंपाकघरात एकटी होती
आणि ती बारीक नव्हती.
खोलीभर होती.
तिच्या कोपरांना भिंती लागायच्या.
फ्रीजमध्ये लोण्याची वडी,
वडीवर एकाच सुरीचा माग,
एकाच बाजूने, रोज थोडा आत.
ते लोणी मला अजून काढता आलेलं नाही.
पिवळा जमतो. माग जमत नाही.

जानेवारीत एमायोगी गोठली
तेव्हा वही घेऊन नदीवर उतरले.
मध्यावर एक म्हातारा, खोक्यावर बसलेला,
बर्फाच्या भोकात गळ सोडून,
सगळ्या तार्तू शहराकडे पाठ.
म्हटलं, मिळालं पान अकरा.
जवळ गेले. पाठ काढली, टोपी काढली
(वहीत; त्याच्या डोक्यावर ती होतीच),
खांद्यांना जरा जास्तच उतार दिला.
तो न वळता म्हणाला,
"बाजूला हो, पोरी. तुझी सावली भोकात पडते.
मासे बिचकतात."

एवढंच.
त्याचं बरं चाललं होतं,
आणि मी मघापासून
त्याच्या खांद्यांवर माझं सामान ठेवत होते.

घरी येऊन खांदे खोडले.
सहा-बी पेन्सिल पसरते, जात नाही.

मग ही बाई, एकटी की एकांतात?
वाक्य सांगत नाही.
खुर्ची खिडकीकडे वळवली, तरी नाही.
एकदा तिला पानांच्या घडीत बसवून पाहिलं,
अगदी शिवणीला लागून:
पुस्तक उघडलं की अर्धी गिळली जाते.
छान दिसलं. भयंकर दिसलं.
सात वर्षांच्या मुलांचं पुस्तक आहे हे.

खालच्या मजल्यावरच्या काल्योच्या नातीने
माझं एक जुनं पुस्तक परत केलं होतं.
रात्री दोनला ते सहज चाळलं.
प्रत्येक उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात
मळका, जरासा जॅमचा,
अंगठा.
मी काढलेल्या कोल्ह्यावर. जहाजावर. बर्फावर तर होताच.

बाई आता त्या कोपऱ्यात आहे.
मोठी नाही, बारीक नाही,
कोपर टेकून, समोर लोणी
(माग अजून नीट नाही).
तिच्या उजवीकडे थोडी जागा सोडलीय.
एंडेल विचारेल, इथे काय येणार?
काही नाही, म्हणेन.
पान धरायला लागते तेवढी.