फाट्यापर्यंत अर्धं तिकीट

उत्पला म्हणाली होती, गाडी कर, पैसे मी पाठवते.
मी सिडको बसस्टँडवर उभी राहिले
सात पन्नासच्या जालन्यासाठी.
पिशवीत धपाटी, शेंगदाण्याची चटणी
आणि तिनं मागितलेले जुन्या सुती साडीचे तुकडे,
टाक्यांच्या तोट्या पुसायला.

कंडक्टर कोवळा. मशीनवर अंगठा धरून :
कुठं, मावशी?
वायनरी म्हणायचं, असं ठरवून निघाले होते घरून.
तोंडातून आलं : द्राक्षाचा कारखाना.
मशीनमध्ये तसा थांबा नव्हता.
मशीनमध्ये नुसते फाटे.
‘वाइनचा का? मग निंबोळा फाटा म्हणा की.
रोज तीन पोरी उतरतात माझ्या बसमधून.’
हे सगळ्या बसनं ऐकलं.
महिला, अर्धं, एकेचाळीस रुपये.
शेजारच्या आजोबांनी आपली पिशवी
हळूच दुसऱ्या मांडीवर घेतली.

चिकलठाणा. विमानतळाची लांबच लांब भिंत.
शेंद्र्याजवळ खिडकीतून वास आला,
उकडत्या सातूचा. बिअर शिजते कुठंतरी.
इतकी वर्षं या रस्त्यानं गेले-आले
आणि मी समजायचे, इथं मोठी पावभट्टी असणार.

रविवारी विहारात पाचवं शील म्हणताना
रत्नमालाबाई हल्ली थांबून ऐकतात,
म्हटलं का हिनं?
म्हणते. पूर्ण म्हणते.
शील माझं आहे, नोकरी तिची.
हे वाक्य करमाडपर्यंत तीनदा जुळवलं,
तिन्ही वेळा मलाच पटलं नाही.

एकतीस वर्षं मी घाटीच्या रक्तपेढीत काढली.
पिशवीवर गट, तारीख, कुणाची ते नाही.
रात्री लाइट गेली की आधी फ्रीजकडे पळायचं,
मग आपल्या भीतीकडे.
लाल वस्तू कशी सांभाळायची, न हलवता, न घाबरता,
हे पोरीनं कुठून उचललं
ते मला विचारू नका.

फाटा.
धुरळा बसल्यावर दिसलं एक रसवंती,
एक पंक्चरवाला
आणि एक काळी-पिवळी,
जी नऊ माणसं भरल्याशिवाय हलत नाही.
आम्ही पाच.
माझ्याखेरीज चौघी छाटणीच्या कात्र्या कमरेला खोचलेल्या,
डोक्याला रुमाल, एकीच्या हातात तंबाखूची डबी.
पाऊण तास बसलो. ड्रायव्हर दात कोरत होता.
शेवटी त्यांनीच चार मोकळ्या जागांचे पैसे
आपसात वाटून घेतले.
मी पाकीट काढलं तर म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या,
तुम्ही उत्पला मॅडमच्या आई ना?
नाक सारखंच हाय.

नाक.
त्याच्यावरच तर ठेवलंय म्हणे तिला.

ती आली गमबूट घालून,
कोपरापर्यंत जांभळी, नखं काळी.
आत स्टीलच्या टाक्या आणि तोच गारवा,
मला शालीशिवायही ओळखीचा.
ग्लासात दोन बोटं यंदाचं.
‘पिऊ नको. वास घे फक्त.
वासाला शील नसतं, आई.’
मी चष्मा काढला, का ते माहीत नाही.
ओलं पोतं होतं त्यात.
जांभळाची बी दाताखाली फुटावी तसं काही.
तव्यावर करपलेला गूळ.
आणि सगळ्यात खाली, लाजत बसलेली,
शेंद्र्याची पावभट्टी.
ती हसली नाही. वही काढली,
टाकी नंबर सात, तारीख,
आणि पुढे लिहिलं : पाव. आई.

परतीची पाच दहाची बस सहाला आली.
कंडक्टर तोच. त्यानं कुठं म्हणून विचारलं नाही.
तिकीट फाडून देताना वाकला :
काय आणलं का, मावशी?
नाही रे, म्हटलं, देऊन आले.

शेंद्र्याला मी खिडकी उघडली.