गाडीवर काय लिहायचं

एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो,
म्हणून पावतीपुस्तक माझ्याकडे दिलं.
सुट्टे पैसे, टोटल, आणि "पुढे सरका",
एवढंच मला येतं.

भरीतपार्टी ठेवली सुकीच्या काठी,
फेगड्यांच्या केळी काढून मोकळ्या झालेल्या वावरात.
जानेवारी. दीड क्विंटल हिरवी वांगी
कपाशीच्या काड्यांवर उलटीपालटी,
आणि धूर असा की शेजारचा माणूस
खोकल्यावरूनच ओळखायचा.

सालं सोलायला सुरवाड्यांची अनुसया
आणि पिंजाऱ्यांची मेहरुनिसा, मधे एकच घमेलं.
बोट भाजलं की एकीची शिवी दुसरी पुरी करायची.
ठेचायला गुलसिंग पावरा, डोंगरातून खास बोलावलेला.
लसूण, मिरच्या, वांगी, त्यानं असं हाणलं
की बडजी सरकत सरकत
पार चुलीपाशी गेली.

शंभर रुपये ताट. मागेल त्याला पुन्हा.
पैसे शववाहिनीसाठी.

कारण त्या वर्षी
(आमच्या गावात असंच म्हणतात, "त्या वर्षी",
साल कोणी काढत नाही)
कर्फ्यूत दोन म्हाताऱ्या गेल्या,
एक वरच्या आळीत, एक मशिदीमागे.
कोणी मारलं नव्हतं. वय झालेलं.
दोघींना गाडी मिळाली नाही.
दीड दिवस दोन्ही घरांत
एकाच कारखान्याच्या बर्फाच्या लाद्या.
मी घरातच होतो.
कडी नीट लागली का बघायला
रात्रीतून चारदा उठलो.

गाडी आली नंदुरबारहून, जुनी, पांढरी.
पेंटर सुभान ब्रश बुडवून उभा.
फेगडे म्हणाले, लिही वैकुंठरथ.
कलीम मन्यार म्हणाले, मग आमचं माणूस त्यात बसायचं नाही.
"मेल्यावर कोणी बसतं का रे बापा?" अनुसया म्हणाली.
दोन चहा झाले. एक जण रुसून घरी गेला,
त्याला बोलवायला गेलेलाही तिथंच बसला.
गुलसिंग म्हणे, मले वाचता येत नाही,
पाड्याचा घाट चढली म्हणजे झालं.
सुभान म्हणाला, रंग सुकू राह्यला, मी जाऊ का?

शेवटी नुसता फोन नंबर लिहिला.
त्यातही सातच्या जागी एक पडला.
तो नंबर सावद्याच्या एका गिरणीत लागतो.
गिरणीवाला पट्टा थांबवून नाव लिहून घेतो
आणि आम्हाला कळवतो.
नंबर दुरुस्त करायचा ठराव
तीन बैठकांपासून पुढच्या बैठकीत आहे.

आता पावती क्रमांक एकशे त्रेचाळीस.
अकरा रुपये, सगळी चिल्लर.
"नाव?"
"राहू द्या."
स्टँडवर झोपणारा, पायाला गोणपाट बांधलेला.
मी म्हणालो, ताट शंभरचं आहे.
मेहरुनिसानं माझ्याकडे बघितलं फक्त,
आणि केळीच्या पानावर मोठा गोळा वाढला.
तो तिसऱ्यांदा ओळीत आला
तेव्हा मी सवयीनं ओरडलो,
"पुढे सरका."
तो सरकला. ओळीतूनच बाहेर गेला.

गाडीची पहिली फेरी त्याचीच.
हॉस्पिटलानं तीन दिवस वाट बघितली,
कोणी आलं नाही, मग गिरणीत फोन.
चालवायला सायबू तडवी, शेजारी मी,
मागे तो, अंगावर नगरपालिकेची चादर.
नदीच्या फाट्यावर सायबूनं ब्रेक मारला.
डावा रस्ता जळणाचा, उजवा मातीचा.
इंजिन चालू.
"भाऊ, कुठं घेऊ?"

वरच्या आळीतून फेगडे येत होते चपला न घालता,
खालून कलीमभाई, त्यांच्या मागे
दोघी बाया, आणखी कोण कोण.
मी पावतीपुस्तक काढलं.
कार्बनखालचं अक्षर पुसट झालं होतं.
नावाच्या जागी रेघ, माझ्याच हाताची,
रकमेच्या जागी अकरा.

डोक्यावर हात गेला, दोरी शोधत.
या गाडीला घंटी नाही.